वगळण्याचा मोह

"सगळंच बंद करून टाका ना एकदाचं!" आमच्या घरच्या खाण्यापिण्याचं प्रकरण ऐकलं की दहातले नऊ जण हेच सुचवतात. नातेवाईक सुचवतात, शेजारी सुचवतात, शेगडी दुरुस्त करायला आलेल्या माणसानेही सुचवून झालंय. गहू नको, दूध नको, अंडं नको, शेंगदाणा नको, कांदा नको. मग या वस्तू घरात आणताच कशाला? मी रोज ओट्याशी उभा राहणारा माणूस आहे आणि माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. एखादी गोष्ट बंद करायला अक्कल लागत नाही. ती कोणासाठी, किती आणि कुठवर बंद ठेवायची हे ठरवताना मात्र घाम फुटतो. आमच्याकडचा निम्मा स्वयंपाक हे ठरवण्यातच होतो.

आधी माणसं सांगतो. बायकोला सीलिअॅक आहे, म्हणजे गहू चालत नाही. मुलीला शेंगदाण्याची अॅलर्जी. धाकट्याला दूध आणि अंडं यांची. आईला दुधातली साखर पचत नाही, शिवाय आतडी नाजूक, त्यामुळे कांदा-लसणाने पोट फुगतं. राहिलो मी. कच्चं सफरचंद खाल्लं की माझ्या ओठांना आणि टाळूला खाज सुटते, तेच शिजवलं की काही होत नाही. काही झाडांच्या परागकणांतलं आणि सफरचंदातलं प्रथिन सारखं असतं, परागांची अॅलर्जी असलेलं शरीर फसतं, आणि उष्णतेने ते प्रथिन मोडतं म्हणून शिजवलेलं फळ चालतं. घरात माझी ही तक्रार कोणी मनावर घेत नाही. या घरात ती रांगेत फारच मागे उभी आहे.

बाहेरच्यांना हे सगळे एकाच माळेचे मणी वाटतात. दुधाचंच उदाहरण घेऊ. दूध आईलाही सोसत नाही आणि धाकट्यालाही, पण दोघांच्या दुखण्यांची एकमेकांशी ओळखही नाही. आईच्या आतड्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, फोडणारं लॅक्टेज हे विकर कमी पडतं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ती आंबवतात, मग पोट गुडगुडतं, कळा येतात, धावपळ होते. त्रास खरा आहे, पण जिवाशी खेळ नाही. जगातल्या बहुसंख्य माणसांचं लॅक्टेज बालपणानंतर कमीच होत जातं. मोठेपणीही दूध सहज पचवणारे खरं तर अल्पसंख्य. आणि हा त्रास मापावर चालतो. साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे कपभर दूध, जेवणासोबत घेतलं तर अशा बऱ्याच जणांना निभून जातं. आईला अर्धा कप निभतो. दह्यातले जिवाणू लॅक्टोज पचवायला हातभार लावतात, आणि महिनोन्महिने मुरवलेल्या चीजमध्ये तर ते जवळपास उरतच नाही. म्हणजे आईला दूध बंद नाही, मोजून आहे.

धाकट्याच्या बाबतीत साखरेचा संबंधच नाही. त्याचं शरीर दुधातल्या प्रथिनांना शत्रू समजतं, आणि ही लढाई चमचाभर दुधावरही पेटते. आमच्या फ्रिजमध्ये आईसाठी लॅक्टोज-फ्री दुधाचा खोका असतो. त्या दुधात विकर घालून लॅक्टोज आधीच फोडलेलं असतं, म्हणून ते किंचित गोडही लागतं. प्रथिनं मात्र जिथल्या तिथे. "लॅक्टोज-फ्री आहे ना, मग बाळाला द्या की," असं म्हणत पेला पुढे करणारे प्रेमळ हात मी अनेकदा हवेतच अडवलेत. तुपाचंही तेच. लॅक्टोज नावापुरतं, त्यामुळे आईला खुशाल चालतं. पण प्रथिनाचे अंश राहू शकतात, म्हणून धाकट्याला नाही. 'नॉन-डेअरी' म्हणून विकल्या जाणाऱ्या कॉफी क्रीमरच्या पाकिटामागे बारीक अक्षरांत सोडियम केसिनेट सापडतं, आणि तेही दुधातलंच प्रथिन. दर्शनी अक्षरांवर विश्वास ठेवायचा नाही, पाकीट उलटं करायचं, ही आमच्याकडची बाराखडी.

बायकोचा हिशेब याहून कडक. सीलिअॅक ही अॅलर्जी नव्हे आणि नुसतं न पचणंही नव्हे. गहू, बार्ली किंवा राय यांतलं ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेलं की शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर तुटून पडते. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि ही आजारी मुलं त्या उपासमारीत सुधारू लागली. पाव परत आला तशी पुन्हा खंगली. १९५० साली त्याने हे सगळं प्रबंधात मांडलं. त्याआधी अशा मुलांना केळ्यांवर ठेवायची पद्धत होती. केळ्यांनी मुलं बरी होत, पण श्रेय केळ्याचं नव्हतं, ताटातून गेलेल्या पावाचं होतं. हा तपशील मला फार आवडतो.

अन्नपदार्थाला 'ग्लुटेन-फ्री' म्हणायची आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे किलोमागे २० मिलिग्रॅम. दिवसाला साधारण १० मिलिग्रॅमपर्यंतचं ग्लुटेन बहुतेक सीलिअॅक रुग्णांना बाधत नाही, असं मानतात. एका ब्रेडच्या चकतीत दोनेक ग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे चकतीचा दोनशेवा भाग; बशीत सांडलेला चुरा म्हणा ना. उकळून, तळून, भाजून ते जात नाही, कारण तो जंतू नाही. म्हणून आमच्या घरात गव्हाचं कोरडं पीठ येत नाही. पीठ उडतं, चाळताना ओट्यावर बसतं, फडक्यात अडकतं, हाताला लागून मिठाच्या बरणीत पोचतं. तयार ब्रेड मात्र येतो. तो उडत नाही. मुलं आपल्या वेगळ्या पाटीवर, टेबलाच्या ठरलेल्या टोकाला बसून खातात आणि खाऊन झालं की टेबल त्यांनीच पुसायचं.

इथे सल्ला देणारे पुन्हा म्हणतात, मुलांचाही गहू बंद करा म्हणजे कटकट मिटेल. त्यांचा गहू बंद करायचा नाही यामागे कारण आहे. सीलिअॅक रक्ताच्या नात्यात उतरतं, त्यामुळे मुलांची अधूनमधून रक्ततपासणी करावी लागते, आणि ती तपासणी गहू खाणाऱ्या माणसाचीच खरी निघते. खाण्यात ग्लुटेन नसेल तर रक्तातल्या खुणा पुसल्या जातात आणि दुखणं असूनही अहवाल स्वच्छ येतो. म्हणजे 'सावधगिरी' म्हणून गहू सोडला की आपणच दिवा मालवून चोर शोधायला बसायचं.

शेंगदाण्याबद्दल मात्र मी चर्चाच करत नाही. घरात नाही, म्हणजे नाही. मुलीच्या दप्तरात अॅड्रेनॅलिनची दोन इंजेक्शनं असतात आणि ती कशी टोचायची हे धाकट्यासकट सगळ्यांना येतं: मांडीच्या बाहेरच्या बाजूला, गरज लागलीच तर कपड्यावरून. श्वास घ्यायला त्रास, घसा आवळल्यासारखा वाटणं, अंगावर गांधी उठून सोबत उलट्या, अशा वेळी अॅलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसायचं नाही. आधी इंजेक्शन, मग दवाखाना. आणखी एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. हाताला लागलेला शेंगदाणा सॅनिटायझरने जात नाही. सॅनिटायझर जंतू मारतं, प्रथिन तसंच तळव्यावर पसरून राहतं. साबण आणि पाणी हवं. महासाथीनंतर जागोजागी सॅनिटायझरच्या बाटल्या दिसू लागल्या तेव्हा सगळे निर्धास्त झाले. आम्ही मात्र साबणाची वडी पिशवीत टाकून हिंडत होतो.

पण याच मुलीबाबत वगळण्याचा मोह आम्हाला सगळ्यांत जास्त झाला. शेंगदाण्यापाठोपाठ बदाम, काजू, अक्रोड, तीळ सगळंच आपोआप यादीत जाऊन बसलं. शेंगदाणा खरं म्हणजे शेंगवर्गातला, डाळींचा भाऊबंद. अक्रोड-बदामांशी त्याचं नातं ताटापुरतं. तरी ज्याला एकाची अॅलर्जी त्याला दुसऱ्याचीही असू शकते, म्हणून तपासण्या केल्या. बदाम आणि अक्रोड चालतात असं डॉक्टरांच्या देखरेखीखाली सिद्ध झालं. परतीच्या वाटेवर बायको म्हणाली, "चालतात, पण आपण नकोच देऊ." हे वाक्य मला पूर्ण कळलं. माझ्याही ओठांवर तेच होतं. पण चालणारी वस्तू खात राहणं हाही उपचाराचाच भाग असतो. मग बदाम घरात आले. पहिल्या दिवशी ती एक बदाम चावत होती आणि आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे असे बघत होतो की तिने वैतागून पाठ फिरवली.

या मोहात मोठमोठे तज्ज्ञही सापडलेत. अॅलर्जीचा धोका असलेल्या बाळांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका, असा सल्ला अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली दिला आणि २००८ मध्ये मागे घेतला. मग २०१५ साली 'लीप' या चाचणीचे निकाल आले. तिच्यात इसब किंवा अंड्याची अॅलर्जी असलेली ६४० बाळं होती. काहींना लहानपणापासून शेंगदाण्याचे पदार्थ दिले, काहींना टाळायला सांगितलं. पाच वर्षांची झाल्यावर पाहिलं तर खाणाऱ्यांमध्ये शेंगदाण्याची अॅलर्जी सुमारे ८१ टक्क्यांनी कमी. एका अख्ख्या पिढीला दिलेली सावधगिरीच नडत होती. आमच्या मुलीच्या वेळी काय झालं असतं, या विचाराचा रवंथ मी करत नाही. तिला अॅलर्जी आहे, हे आज खरं आहे.

धाकट्याच्या दुधा-अंड्याने तर घरात तिढाच घातला. दुधाची किंवा अंड्याची अॅलर्जी असलेल्या साधारण ७० टक्के मुलांना तीच वस्तू केकमध्ये पूर्ण भाजली गेली असेल तर चालते. उष्णतेने प्रथिनाची घडी उलगडते, आणि पिठातल्या गव्हाच्या जाळ्यात ते गुंतून बसतं. त्यातून पुढे पायरीपायरीने बिस्कीट, केक, पॅनकेक असं चढत जाता येतं. पण हा प्रयोग घरच्या घरी आपल्या मनाने करायचा नसतो. आमचा पहिला तुकडा दवाखान्यातच, डॉक्टर समोर उभे असताना गेला. तो जमला. त्यानंतर नियमित खायला द्या, असं सांगितलं.

आता गंमत बघा. एकाला औषध म्हणून गव्हाचा केक, आणि घरात गव्हाचं पीठ आणायला बंदी. तांदळाच्या पिठाचा करावा, तर गव्हाचं जाळं नाही. त्या केकवर चाचणीचा निकाल लावता येत नाही. शेवटी माझी बहीण मदतीला आली. भाचरासाठी आत्याचा ओव्हन. मी तिच्याकडे जाऊन मिश्रण करतो, १८० अंशांवर अर्धा तास छोटे केक भाजतो. डॉक्टरांनी वरच्या सोनेरी रंगाला भुलू नका म्हणून बजावलं होतं. खरा प्रश्न मध्यभागाचा असतो. एरवी केक मधोमध किंचित ओलसर राहिला तर लोक वाहवा करतात. इथे तो ओलसरपणा म्हणजे न भाजलेलं अंडं. म्हणून प्रत्येक घाण्यातला एक केक मोडून बघायचा, सुरी घालायची, ती कोरडी आली तरच बाकीचे गार करून डब्यात. डबा घरी येतो तो झाकण चिकटपट्टीने बंद करून, फ्रीझरच्या तळाच्या कप्प्यात. धाकटा आपला केक टेबलाच्या ब्रेडवाल्या टोकाला बसून खातो. तो जगातला सगळ्यांत कोरडा केक आहे. त्याला तो फार आवडतो, कारण त्याने दुसरा खाल्लेलाच नाही.

आईचं प्रकरण सुरुवातीला सगळ्यांत सोपं वाटलं होतं. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी नाजूक आतड्यांसाठी फॉडमॅप नावाचा आहार बांधला: आतड्यात आंबणाऱ्या छोट्या शर्करा काही आठवडे कमी करायच्या, मग एकेक परत आणून बघायची, मग आपलं आपलं माप ठरवायचं. पहिल्या टप्प्यात कांदा-लसूण गेले. त्यांच्यातल्या फ्रुक्टॅन्स नावाच्या शर्करांमुळे आईला त्रास होतो. लसणाशिवाय जेवण म्हणजे तिच्या दृष्टीने दवाखाना. पण फ्रुक्टॅन्स पाण्यात विरघळतात, तेलात नाही. या एका गोष्टीने माझी फोडणी वाचवली. तेल मंद तापवायचं, सालं काढलेल्या अख्ख्या पाकळ्या त्यात सोडायच्या, कडा सोनेरी होईपर्यंत हलवायच्या आणि झाऱ्याने सगळ्या वेचून काढायच्या. पाकळी ठेचायची नाही, कारण तुकडे मागे राहतात. आणि टोमॅटो किंवा पाण्याचा थेंब पडायच्या आत लसूण बाहेर आलाच पाहिजे. एकदा पाणी शिरलं की फ्रुक्टॅन्स रश्शात उतरले म्हणून समजा. काढलेल्या पाकळ्या मी मीठ लावून उभ्याउभ्या खातो. स्वयंपाक करणाऱ्याचा तेवढा हक्क असतोच. हे तेल मात्र रोजच्या रोज ताजं करतो. लसूण मुरवलेलं तेल बाहेर ठेवलं तर त्यात बोट्युलिझमचे जिवाणू विष तयार करू शकतात, आणि त्याला वासही येत नाही. कांद्याऐवजी पातीचा हिरवा भाग घालतो, पांढरा नाही.

अडचण पुढे आली. पोट शांत झालं तशी आई पहिल्याच टप्प्यावर ठाण मांडून बसली.

"आई, आज डाळीत थोडा लसूण ठेवतोय. बघूया काय होतं."

"मला बरं वाटतंय ते तुला बघवत नाही का रे?"

काय बोलणार? पण तो टप्पा कायमचा राहण्यासाठी नाहीच. फार काळ तसं खाल्लं तर आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचं खाद्यही तुटतं आणि ताट उगाच रोडावतं. बरेच दिवस गोडीगुलाबीने, थोडीही लबाडी न करता, म्हणजे आधी सांगूनच, एकेक वस्तू परत आणली. निघालं असं की कांदा खरोखरच वैरी, लसणाची एखादी पाकळी चालते, आणि डब्यातले छोले पाण्याने नीट धुतले तर थोडे सोसतात. छोले परत मिळाल्याचा आनंद तिने कोणाला दाखवला नाही. वाटी मात्र दोनदा पुढे केली.

मोहाला खतपाणी घालणारेही आहेत. एका नातेवाइकाने रक्ताची तपासणी करून घेतली आणि न चालणाऱ्या अन्नांची लांबलचक यादी आणली. ती आयजीजी प्रतिपिंडांची होती. ही प्रतिपिंडं बहुधा एवढंच सांगतात की ती वस्तू तुम्ही खात आला आहात. कोणतं अन्न सोसत नाही हे ओळखायला ही तपासणी वापरू नका, असं अॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटना स्पष्ट सांगतात. तरी माणसं आवडीचे पदार्थ सोडून देतात.

कायद्यालाही वगळण्याचं हे गणित सहज जमत नाही. युरोपीय संघात १४ अॅलर्जीकारक घटक पाकिटावर ठळक लिहावे लागतात, अमेरिकेत ९. अमेरिकेत नववा तीळ, १ जानेवारी २०२३पासून. हेतू चांगला. पण तिळाचा अंशही येऊ नये म्हणून यंत्रं धूत बसण्यापेक्षा काही बेकऱ्यांनी ब्रेडमध्ये मुद्दाम तिळाचं पीठ घालायला सुरुवात केली आणि घटकांत 'तीळ' छापून मोकळ्या झाल्या. कायदा पाळला गेला, आणि तिळाची अॅलर्जी असलेल्यांचा कालपर्यंत चालणारा ब्रेड बंद झाला. 'अंश असू शकतो' ही सूचना तर बहुतेक देशांत ऐच्छिक आहे. ती नसली म्हणजे अंश नाही असं नव्हे. आमच्याकडे शेंगदाण्याबाबत ती ओळ दिसली की पाकीट परत फळीवर. दुधाबाबत दिसली तर आईसाठी खुशाल घेतो.

रोजचं म्हणाल तर एक मोठं पातेलं सगळ्यांचं आणि वरचं ज्याचं त्याचं. भात, डाळ, भाजी अशी करायची की कोणालाच काही टाळावं लागू नये. मग टेबलावर दही, चीज, उकडलेलं अंडं, बदामाचा चुरा, ज्याला जे चालतं ते. नकली पदार्थांत मला फारसा रस नाही. इसबगोल घालून ग्लुटेनशिवायचा ब्रेड होतो, छोल्याचं शिजवलेलं पाणी फेटलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस चढतो, हे सगळं करून झालंय, वाढदिवसाला करतोही. पण जो पदार्थ जन्मतःच गव्हाशिवायचा आहे तो खाताना बायको जेवते. नकली ब्रेड खाताना ती तुलना करते.

सध्या घरात वाद चालू आहे तो वेगळाच. २०२०च्या जानेवारीत अमेरिकेत शेंगदाण्याच्या भुकटीचं पहिलं औषध मंजूर झालं, ४ ते १७ वयाच्या मुलांसाठी. अगदी कणभर मात्रेपासून सुरुवात, हळूहळू वाढवत न्यायची, मग रोज घ्यायची. त्याने अॅलर्जी जात नाही, इंजेक्शन जवळ ठेवावंच लागतं. चुकून पोटात गेलेल्या थोड्याशा शेंगदाण्याने मोठी आपत्ती येण्याचा धोका मात्र कमी होतो. आमच्या डॉक्टरांनी अशा उपचाराचा विषय काढला तेव्हा मी एका पायावर तयार होतो. मुलीने वही काढून प्रश्न विचारले. मात्रा घेतल्यावर काही तास पळापळ आणि गरम पाण्याची अंघोळ टाळायची, हे ऐकल्यावर तिने वही मिटली. ती संध्याकाळी फुटबॉल खेळते आणि सकाळी तिची शाळा असते.

"या वर्षी नको, बाबा. स्पर्धा झाल्या की बघू."

मी पुष्कळ बोललो. बायको मध्ये पडली नाही, आई तर उघड नातीच्या बाजूने होती. शेवटी म्हटलं, बरं, पण त्या औषधाचा डबा घरात आला तर कुठे ठेवायचा हे आत्ताच ठरवून ठेवू. तिने फ्रिजचा दरवाजा उघडून सगळे कप्पे पाहिले, माझ्या चिठ्ठ्या वाचायचा प्रयत्न केला आणि म्हणाली, "त्याच्यावर चिठ्ठी मी लिहीन. तुझं अक्षर कोणालाच लागत नाही."